चौथी ओळ

त्या राज्यात पिण्याजोगं पाणी एकाच हौदात होतं, आणि ते कसं काढायचं ते दगडावर लिहिलेलं होतं.

हौद टेकडीच्या माथ्यावर होता. आत झरा, वर दगडी छत, समोरच्या भिंतीला एक भोक, आणि भोकावर जाड लाकडी फळी. फळीला आडवी खुंटी होती. खुंटी वर ओढली की फळी सरकायची आणि खालच्या कुंडात पाणी पडायचं. खुंटी सोडली की फळी धप्पकन खाली. कुंडातलं पाणी थोडा वेळ साचून राहायचं, मग फटींतून झिरपून जायचं. यात शहाणपणाचं असं काहीच नव्हतं. ज्याला खुंटी ओढता आली तो प्यायला, ज्याला आली नाही तो तसाच गेला.

फार पूर्वी रानरेडे खुंटी ओढायचे आणि बाकीच्यांना पाणी द्यायचे. देता देता त्यांनी पाठ खाजवून घ्यायला सुरुवात केली. मग चारा आणून घ्यायला लागले. मग ज्यानं चारा आणला नाही त्याला शिंगावर घ्यायला लागले. शेवटी वानरांनी सगळ्यांना जमवलं, रेड्यांना टेकडीखाली हाकललं आणि कायदा केला. ज्याचं पाणी त्यानंच काढायचं. दुसऱ्यासाठी खुंटी ओढायची नाही, दुसऱ्यानं काढलेलं प्यायचं नाही. कायद्यावर नजर ठेवायला हौदाशी एक मुंगूस बसवलं. कायदा चांगला होता आणि चांगल्या मनानं केलेला होता. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढे जे झालं ते कुणा दुष्टानं केलेलं नाही.

आता प्रत्येकानं आपलं आपण काढायचं म्हटल्यावर प्रत्येकाला ते शिकवायला हवं. म्हणून वानरांनी शिळा उभ्या केल्या. हौदाकडे येणाऱ्या वाटेच्या कडेला, एका रांगेत, एकेका जातीची एकेक शिळा. वानरांची वानरांच्या बोलीत, कावळ्यांची कावळ्यांच्या, सापांची सापांच्या, कासवांची, साळिंदरांची, आणि अगदी शेवटी, उताराच्या कडेला, खेकड्यांची. सगळ्या एकाच उंचीच्या. सगळ्यांवर सारख्याच ओळी. वानरांच्या शिळेवरच्या पहिल्या ओळीवर सूत धरलं तर ते रांगेतल्या शेवटच्या शिळेच्या पहिल्या ओळीवरच यायचं. दूरदूरच्या राज्यांतून पाहुणे ही रांग बघायला यायचे, आणि असं कुठेच बघितलं नाही म्हणायचे.

शिळांचं काम ज्याच्याकडे होतं त्याला सगळे ओळंबेराव म्हणत. काळ्या तोंडाचा, पांढऱ्या भुवयांचा वानर. त्याच्या गळ्यात कायम ओळंबा लोंबत असायचा, आणि तो कुणाशीही बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे न बघता तो सरळ उभा आहे की तिरका ते बघायचा. कामाला वाघ. त्याच्या हातून वेडीवाकडी रेघ कधी गेली नाही.

पहिली शिळा त्यानं वानरांची केली, आणि ती खरंच नीट केली. आधी चार तरुण वानरांना खुंटीशी उभं केलं. एकाचा पाय घसरला म्हणून 'भिंतीला पाय रेट' ही ओळ घातली. एक मागच्या मागे कोलमडला म्हणून शेपटीची ओळ घातली. एका वानरीच्या पोटाला पोर होतं, तिलाही ओढून बघायला लावलं. तिला जमलं तेव्हाच छिन्नी हातात घेतली. शिळेवर शेवटी असं आलं:

पायरीवर उभा राहा.
दोन्ही हातांनी खुंटी धर.
मागचे पाय भिंतीला रेट.
शेपटी सोड आणि खांबाला गुंडाळ.
खुंटी वर ओढ.

वानराचं पोर हे वाचून पाणी काढायचं. यात खोट काढायला जागा नाही.

बाकीच्या शिळा मात्र खुंटीशी झाल्या नाहीत. त्या ओळंबेरावाच्या कारखान्यात झाल्या, पहिल्या शिळेसमोर बसून. हाताच्या जागी त्या जातीचं जे काही असेल ते, पायाच्या जागी जे असेल ते, शेपटीच्या जागी शेपटीचा त्या बोलीतला शब्द. शब्द मात्र अस्सल हवेत यावर ओळंबेरावाचा कटाक्ष. त्यासाठी त्याची माणसं, म्हणजे वानरंच, रानोमाळ फिरून बोली गोळा करून आणायची. कावळ्यांच्या शिळेवर अतिशय शुद्ध कावळी बोलीत लिहिलं होतं की डाव्या चोचीनं खुंटी धर, उजव्या चोचीनंही धर. सापाच्या शिळेवर लिहिलं होतं, मागचे पाय नसतील तर मागचं जे असेल ते रेट. कासवाला खांबाला शेपटी गुंडाळायला सांगितली होती. कासवाची शेपटी ती केवढी.

मग पाणी कसं काढायचे सगळे? कावळ्यांनी वानरांची बोली शिकून घेतली. ते वानरांची शिळा वाचायचे, त्यातलं आपल्याला काय लागू पडतं ते डोक्यानं ठरवायचे आणि तिघं मिळून खुंटी चोचीत धरून वर उडायचे; तिघांनी ओढलेलं ते तिघांचंच. सापानं कुठलीच शिळा कधी वाचली नाही. कासवं साळिंदरांना बघून शिकली आणि साळिंदरं फळीचा मार खाऊन शिकली. कुणीही आपल्या शिळेवरून शिकलं नाही, पण आपल्या बोलीतली शिळा वाटेवर उभी आहे याचा प्रत्येकाला अभिमान होता, आणि तिच्याबद्दल वावगं बोललेलं कुणाला खपायचं नाही. वानरांची बोली ज्याला येते तो हुशार आणि ज्याला आपल्याच बोलीतली शिळा लागते तो मठ्ठ, असं मात्र हळूहळू सगळे धरून चालायला लागले. शिळा करणारे वानरसुद्धा.

खेकड्यांचं वेगळं होतं. ते टेकडीखालच्या गढूळ ओढ्यात राहायचे आणि त्यांना हौदाची गरजच नव्हती. गरज पडली ती ओढा आटल्यावर. तरीसुद्धा खेकड्याला एरवी फार पाणी लागत नाही. दगडाखालच्या ओलीवर त्याचं भागतं. पाणी लागतं ते बाईला, आणि तेही पोटाशी पिल्लं असताना. खेकडीच्या पोटाखाली एक रुंद झडप असते, मागून पुढे दुमडलेली. खेकड्या तिला पदर म्हणतात. अंडी त्या पदरात असतात, अंडी फुटून निघालेली दाण्याएवढी पिल्लंही कितीतरी दिवस तिथेच असतात, आणि तेवढे दिवस आईला रोज पाण्यात जाऊन बसावंच लागतं. नाहीतर पिल्लं पदरातच सुकतात.

ओळंबेरावाच्या माणसांनी खेकड्याला उलथा करून बघितलं तेव्हा त्यांना एवढंच दिसलं की याला शेपटी आहे आणि ती पोटाखाली दुमडलेली आहे. तिला काय म्हणतात ते त्यांनी विचारलं. पदर म्हणतात असं कळलं. शब्द गोड वाटला. ओळंबेरावानं तो स्वतःच्या हातानं कोरला. खेकड्यांच्या शिळेवरची चौथी ओळ अशी होती:

पदर सोड आणि खांबाला गुंडाळ.

ओढा आटला त्या साली पहिली वर गेली ती शेवाळी. खेकड्यांत वयानं मोठी, सरळ मनाची, सांगितलेलं ऐकणारी. तिच्या पदरात पिल्लं होती. ती उतारावरून दिवसभर चढत शिळेशी पोचली आणि आपल्या बोलीतली अक्षरं बघून तिला रडू आलं. एवढ्या मोठ्या लोकांनी आपल्यासाठी दगड फोडला. तिनं सगळं तसंच केलं. पायरीवर उभी राहिली, दोन्ही नांग्यांनी खुंटी धरली, मागचे पाय रेटले. चौथ्या ओळीशी आली तेव्हा तिला थोडं चुकल्यासारखं वाटलं असणार. पण शिळेवर लिहिलेलं होतं, आणि शिळा लिहिणाऱ्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं असं तिला वाटत होतं. तिनं पदर सोडला.

पाणी आलं. अगदी भरपूर आलं. पिल्लं मात्र पायरीवर पडली होती, तापलेल्या दगडावर. पाणी कुंडात होतं, पायरीच्या खाली. ती एका नांगीनं खुंटी धरून दुसऱ्या नांगीनं गोळा करायला बघत राहिली.

खाली आली तेव्हा तिचा पदर घट्ट मिटलेला होता आणि आत काही नव्हतं. खेकड्यांनी विचारलं तेव्हा ती एवढंच म्हणाली की आपलंच चुकलं, आपण खांबाला नीट गुंडाळलं नाही. पुढे कुणी विचारलं नाही तरी ती हेच सांगायची. दगडाखाली एकटी बसून काटकीभोवती पदर गुंडाळायचा सराव करायची. बाकीच्या बायाही तिच्या मागून वर गेल्या, आणि त्यांचंही चुकलं. एकीनं सांगितलं, माझे पाय नीट रेटले गेले नाहीत. दुसरीनं सांगितलं, मी ओळी भराभर वाचल्या. खेकडेच अडाणी, असं खेकडेच म्हणायला लागले.

पुढच्या उन्हाळ्यात शेवाळीच्या धाकट्या भावाची बायको, कातळी, वर जायला निघाली. तिला पहिल्यांदाच पिल्लं झाली होती. कातळीची जीभ तिखट म्हणून सासरी तिचं कुणाशी फार जमायचं नाही. शेवाळीनं तिला ओळी पाठ करून घ्यायला सांगितलं.

"चौथी ओळ जपून कर," शेवाळी म्हणाली. "घट्ट गुंडाळ. माझं तिथेच चुकलं."

"वन्सं, पदर सोडल्यावर पोरं कशानं धरायची?"

 हा प्रश्न शेवाळीला कुणी आजवर विचारला नव्हता, आणि तिनं स्वतःला तर मुळीच विचारला नव्हता. ती काटकीकडे वळली.

कातळी शिळेशी पोचली, पाचही ओळी वाचल्या आणि तिथेच बसली. पायरीवर चढलीच नाही. मागे साळिंदरांची रांग लागली. एक साळिंदर म्हणालं, बाई, वाचता येत नसेल तर बाजूला हो. दुसरं म्हणालं, तिला आडवं वाचावं लागतं, वेळ लागणारच. सगळे हसले. कातळीनं मागे वळूनही बघितलं नाही. मुंगसाला तिनं सांगितलं, हे ज्यानं लिहिलंय त्याला बोलाव. मुंगूस म्हणालं की असं बोलवायची पद्धत नाही. कातळी म्हणाली की मग ती इथेच मरेल आणि पाहुणे येतील तेव्हा शिळेखाली वास मारेल. ओळंबेराव आला.

तो आला आणि आधी शिळेला ओळंबा लावून बघितला. शिळा सरळ होती. मग त्यानं विचारलं की अक्षर कुठे उडालंय का.

"अक्षर झकास आहे," कातळी म्हणाली. "पदरात माझी पोरं आहेत. तो सोडला तर ती पडतात. चौथी ओळ काढून टाका."

ओळंबेरावानं तिला समजावून सांगितलं. तो चिडला नाही. त्यानं सांगितलं की चौथी ओळ सगळ्या शिळांवर शेपटीचीच आहे. वानरांचीही तीच आहे, आणि वानरीच्याही पोटाला पोर असतं, तिनं स्वतः करून दाखवलेलं त्यानं डोळ्यांनी बघितलंय.

"तुमच्या बाईचं पोर तिला चार हातांनी बिलगलेलं असतं. आमची पोरं बिलगत नाहीत, आम्ही त्यांना धरतो. ज्यानं धरतो तेच तुम्ही सोडायला लावता. हे लिहिण्याआधी एखाद्या खेकडीला खुंटीशी उभं केलं होतंत का?"

ओळंबेराव म्हणाला की तेव्हा ओढ्याला पाणी होतं, खेकड्या वर येत नव्हत्या, आणि पाहुणे मात्र यायचे होते. शिवाय शब्द तर खेकड्यांकडूनच आणलाय. त्यानं विचारलं की पदर हा शब्द चुकलाय का.

"शब्द बरोबर आहे हो. शब्द बरोबर आहे म्हणून तर आमच्या बाया फसल्या."

मग ओळंबेरावानं खरी अडचण सांगितली. एक ओळ काढली तर शिळा बुटकी होणार. लांबून बघणाऱ्याला वाटणार की खेकड्यांना एक ओळ कमी दिली. यात कमीपणा कुणाचा होतो? खेकड्यांचाच. कातळी म्हणाली, मग जागा कोरी ठेवा. ओळंबेराव म्हणाला, कोरी जागा दिसली की सगळे म्हणणार, खेकड्यांना विसरले. तो हे अगदी कळवळ्यानं बोलत होता. खेकड्यांना कुणी कमी लेखावं हे त्याला खरंच सहन होत नव्हतं. जाता जाता त्यानं मुंगसाला सांगितलं की ही बाई थोडी तिरकी आहे, हिला सावलीत बसू दे.

कातळी सावलीत बसली नाही. तिच्या पदरातली पिल्लं चुळबुळायची थांबत आली होती. पायरी, खांब सगळं सोडून ती भिंतीकडे गेली आणि आडवी होऊन दगडांच्या सांध्यांत पाय रोवत वर चढली, जशी कुठलीही खेकडी कुठल्याही भिंतीवर चढते. फळी आणि भिंत यांच्यामध्ये एक फट होती. वानराचं बोटही जाणार नाही एवढी. तिनं मोठी नांगी तिथे घातली, खुंटीखाली टेकवली आणि सगळे पाय ताणले. फळी वर सरकली. पदर पोटाशी मिटलेला तो मिटलेलाच. पाणी कुंडात पडलं, साचलं, तिनं नांगी काढून घेतली, खाली उतरली आणि पाण्यात जाऊन बसली. थोड्या वेळानं पदराच्या कडेतून एक दाण्याएवढी नांगी बाहेर आली आणि आत गेली.

 मुंगूस म्हणालं, हे शिळेवर नाही.

"नाही ना," कातळी म्हणाली. "मग घालते."

तिनं आधी चौथी ओळ नांगीनं खरवडून काढली. अंगात दम नव्हता तरी काढली. मग शिळेच्या तळाशी, ओल्या अंगानं, वेडीवाकडी दोन वाक्यं ओरखडली. आडवी होऊन भिंतीनं चढ. नांगी फटीत घाल आणि ताठ हो. एवढंच. अक्षर खालीवर झालं होतं आणि दुसरी ओळ उतरत उतरत मातीत गेली होती.

त्या उन्हाळ्यात उतारावरून पुष्कळ खेकड्या आल्या. वाचायच्या, चढायच्या, कुंडात बसायच्या. कुणाचंच काही चुकलं नाही. खेकडे अडाणी आहेत असं कुणी म्हणेनासं झालं. शेवाळी तेवढी वर आली नाही. कातळी तिला घेऊन जायला आली तेव्हा ती म्हणाली की तिचा सराव अजून पुरा झालेला नाही. आणि मग म्हणाली, "तुझी रीत खरी असेल तर माझं काय चुकलं ते मला कोण सांगणार?" कातळीला पुष्कळ बोलता आलं असतं. पण तिचं तोंड त्या दिवशी पहिल्यांदा बंद झालेलं घरच्यांनी बघितलं.

हिवाळा सरता सरता वानरांची सभा भरली. सभेत दोन गोष्टी निघाल्या. एक म्हणजे फळीची कड एका बाजूनं खरवडली जात होती. तिथे लोखंडी पट्टी ठोकून फट बुजवायची ठरली. खेकड्यांना अडवायला नव्हे, फळी वाचवायला. फळी सगळ्यांची होती. फट बुजवली तर खेकड्यांनी काय करायचं असं एका कावळ्यानं विचारलं, तर त्याला सांगितलं की खेकड्यांची शिळा आहे ना. दुसरी गोष्ट म्हणजे शिळेवरचे ओरखडे. करकोच्यांच्या राज्यातून मोठे पाहुणे यायचे होते आणि रांगेतली शेवटची शिळा विद्रूप झाली होती. ओळंबेरावाला फार वाईट वाटलं. तो म्हणाला की ज्यांच्यासाठी आपण रात्रीचा दिवस केला त्यांनीच दगडावर नांगी उगारली, तरी आपण मनात ठेवायचं नाही.

त्यानं तळाची दोन वाक्यं घासून गुळगुळीत केली. चौथ्या ओळीची जागा कातळीनं फार खरवडलेली होती. तिथे पुन्हा अक्षर उठायचं तर दगडात खोल जावं लागणार होतं. तो गेला. सबंध दिवस त्या एका ओळीवर बसला आणि तिची अक्षरं त्यानं आधीच्या दुप्पट खोल कोरली. सूत धरून बघितलं. बरोबर आलं.

आता कुणी म्हणू नये की शिळा खेकड्यांना विचारून केलेली नाही, म्हणून या वेळी पाहुण्यांसमोर एखाद्या खेकडीनंच शिळेप्रमाणे पाणी काढून दाखवावं असं ठरलं. निरोप आधी कातळीकडे गेला. सन्मान होता, माळ होती. कातळीनं निरोप्याला सांगितलं की माळ ओळंबेरावांच्या शेपटीला बांधा आणि ती खांबाला गुंडाळा. मग निरोप शेवाळीकडे गेला.

शेवाळी आली. दोन वर्षांत खंगली होती. पण ती वानरांच्या, करकोच्यांच्या, सगळ्यांच्या समोर पायरीवर चढली. दोन्ही नांग्यांनी खुंटी धरली. पाय रेटले. पदर सोडला. रिकामा पदर तिनं खांबाला इतका घट्ट, इतका नेमका गुंडाळला की बघणाऱ्यांच्या तोंडून आवाज निघाला. फळी वर सरकली आणि पाणी कोसळलं. ओळंबेराव पाहुण्यांकडे वळला आणि त्यानं हात शिळेकडे केला. शेवाळी खुंटी धरून तशीच उभी होती. गर्दीच्या मागे कातळी होती. शेवाळीनं तिच्याकडे बघितलं, आणि तिच्या तोंडावर असं समाधान होतं की कातळीला तिथे उभं राहवलं नाही.

खेकड्यांना वर येऊन आता उपयोग उरला नव्हता. फट बुजली होती, शिळेच्या रीतीनं पोरं पडत होती, आणि पदर न सोडता पायरीवरून ओढलं तर खेकडी मागच्या मागे कोलमडत होती. तरी त्या येतच राहिल्या, कारण खाली ओढ्यात तर दगडांखालीही ओल उरली नव्हती. त्यांनी दुसरी जागा धरली. शिळांची रांग रोज सकाळी धुवायचा नेम होता. धूळ बसली की अक्षर नीट वाचता येत नाही, आणि ओळंबेरावाला ते खपायचं नाही. दोन वानर बादल्या भरून आणायचे आणि एकेका शिळेवर ओतत जायचे. कुणा दुसऱ्यासाठी पाणी काढायला बंदी होती, पण शिळा ही कुणी दुसरी नव्हती, तेव्हा ते कायद्यात बसत होतं. आणि शिळेवरून ओघळलेलं पाणी कुणाचं, याबद्दल कायद्यात काहीच नव्हतं. मुंगसानं डोकं खाजवलं आणि दुसरीकडे बघितलं.

म्हणून करकोच्यांचे पाहुणे जायच्या दिवशी सकाळी रांगेवरून शेवटची फेरी मारायला निघाले तेव्हा त्यांना दिसलं की कावळ्यांच्या शिळेपुढे कुणी नाही, सापांच्या शिळेपुढे कुणी नाही, कासवांच्या आणि साळिंदरांच्याही नाही, आणि शेवटच्या, उताराच्या कडेच्या शिळेला मात्र खेकड्या चिकटलेल्या आहेत. खालपासून वरपर्यंत. पदर पोटाशी मिटलेल्या, तोंडं दगडाला लावलेल्या, एकमेकींना ढकलत, एकेका अक्षरापाशी थांबत. कातळीची पिल्लं गेल्या सालची, अजून नखाएवढीच. कातळी त्यांना नांगीनं वर चढवत होती.

करकोच्यांची म्हातारी एका पायावर उभी राहून कितीतरी वेळ बघत राहिली. मग म्हणाली की आमच्याकडेही शिळा आहेत, पण त्या कुणी वाचत नाही. इथे तर पोरंसुद्धा ओळीवरून तोंड काढत नाहीत.

 ओळंबेरावानं गळ्यातला ओळंबा हातात घट्ट धरला आणि डोळे पुसले.

ऊन वर येत होतं. पहिली ओळ वाळली, मग दुसरी, मग तिसरी. पोरं सगळी चौथ्या ओळीवर येऊन दाटली होती. ती दुप्पट खोल होती, आणि 'पदर' या शब्दाच्या खाचेत अजून पाणी होतं.